पुढची काच

आमचे हे कुठल्याही गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारतात. टॅक्सी असो, कुणा मित्राची गाडी असो, नाहीतर माझं अपेंडिक्स फुटायला आलं होतं तेव्हा दारात आलेली ॲम्ब्युलन्स असो. मी आत स्ट्रेचरवर कण्हतेय आणि हे बाहेर मडगार्डवर टिचक्या मारून आवाज ऐकतायत. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, बसता ना?" हे म्हणाले, "हिला डावीकडून कधीतरी ठोकलंय." ड्रायव्हर गप्प बसला, कारण ठोकलेलं होतं. मी तेव्हाच मनाशी म्हटलं, यातून उठले तर या माणसाला चांगलं फैलावर घेईन. उठले, घेतलंही. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यांचा तरी काय दोष म्हणा, पोटापाण्याचं कामच तसलं. हे विमा कंपनीचे सर्व्हेअर. ठोकलेली गाडी बघायची, मालकाची कहाणी ऐकायची आणि दोन्हींचा मेळ बसतो का ते सांगायचं. उभ्या गाडीला मागून ट्रकने धडक दिली असं मालक रडून सांगतो, आणि बंपरच्या खाचेत झाडाची साल सापडते. जन्मभर रोज हेच बघितलं तर माणूस दुसरं काय होणार? खिशात कायम एक लोहचुंबक. पत्र्याला चिकटलं तर पत्रा खरा, घसरलं तर आत पुट्टी भरून वरून रंग मारलाय. गॅरेजवाल्यांनी त्यांचं नावच पाडलं होतं, चुंबकसाहेब. नोकरी संपली, पण चुंबक खिशातून गेलं नाही. भाजीवाल्याच्या तराजूलासुद्धा ते लावून बघतात, आणि मी चार पावलं लांब उभी राहून मी यांची कुणी नव्हेच असा चेहरा करते.

आणि जपणूक विचारू नका. घरात येणारी वस्तू आधी संशयित. एकदा पास झाली की मग तिला वारा लागू द्यायचा नाही. रिमोटला प्लास्टिक, चष्म्याच्या डबीला पिशवी, सोफ्याला कव्हर आणि त्या कव्हराला उन्हासाठी आणखी एक कव्हर. माझा धंदा शिवणाचा. खोळी, पडदे, गाडीच्या सीटची कव्हरं शिवते. लग्न झालं तेव्हा वाटलं, बरं झालं, गिऱ्हाईक घरातच मिळालं. पुढे कळलं की हे गिऱ्हाईक प्रत्येक शिवण उलटी करून बघतं.

अशा माणसाला जावई कोण मिळावा? जुन्या गाड्या विकणारा.

आमच्या एकुलत्या एका लेकीने, बबडीने, स्वतःच जमवलं. मुलगा हसरा, शब्दाला जागणारा. गावाबाहेर रस्त्याला लागून त्याचं आवार, तिथे धुऊनपुसून उभ्या केलेल्या गाड्या. यांनी ऐकलं आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "मी ज्यांना पकडण्यात आयुष्य घालवलं, त्यांच्यातलाच एक तू घरात आणतेयस." लग्न झालंच, कारण हट्टात बबडी बापाच्या वर एक पाऊल. पण हे जावयाच्या गाडीत कधी बसले नाहीत. तो बिचारा न्यायला यायचा, हे म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे, आम्ही बसने येतो." मग मी ठेवणीतले कपडे घालून बसमध्ये दांडीला लोंबकळतेय, आणि शेजारी सिग्नलला जावई रिकामी गाडी घेऊन उभा, आमच्याकडे बघून हात हलवतोय. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला. तो किती वेळा म्हणाला, "बाबा, मला अरेतुरे करा हो." यांनी अहोजाहो सोडलं नाही. त्या अहोजाहोचं कुंपणच घालून ठेवलं होतं यांनी.

निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं. आमच्या वसाहतीच्या मागे एक मोठं तळं आहे, काठाला गवत आणि लव्हाळे माजलेले. हे तिथे जायला लागले, आणि गाड्यांचे पोचे टिपायचा छोटा कॅमेरा होता त्याने पक्षी टिपायला लागले. फोटोत पाणी, पाणी आणि मधोमध एक ठिपका. "ही टिबुकली," हे म्हणायचे. मी म्हणायचे, "हा तर तीळ." टिबुकली म्हणजे बदकाच्या पिल्लाएवढा गोल गरगरीत पाणपक्षी. दिसते दिसते म्हणेपर्यंत बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. यांना ती का आवडली ते मला बरोबर कळलं. निसटून जाणाऱ्यांच्या मागे राहण्यातच तर सगळी हयात गेली होती.

मग हे रोज सकाळी दाढी करून जायला लागले.

आता माझंही ऐका. नोकरीत असताना दिवसाआड दाढी करणारा माणूस पक्ष्यांसाठी रोज गुळगुळीत होऊन कशाला जाईल? त्यात बोलण्यात दोनदा "व्हॅनवाल्या बाई" आल्या. संशयाचा मक्ता काही यांनी एकट्यांनी घेतलेला नाही. एका सकाळी ओढणी डोक्यावरून घेतली आणि मागोमाग गेले. बघते तर काय, हे काठावर चिखलात पालथे पडलेले, आणि हातभर अंतरावर तशाच पालथ्या एक धिप्पाड बाई, डोळ्याला भलीमोठी लेन्स लावलेल्या. शाळेच्या पोरांची ने-आण करणाऱ्या त्यांच्या व्हॅन होत्या. कामाला लागण्याआधी त्या तळ्यावर फोटो काढायला यायच्या. दोघांत शब्द नाही. मला डासांनी फोडून काढलं तेव्हा कुठे हे पुटपुटले, "बुडाली." बाई म्हणाल्या, "हं." एवढाच काय तो प्रेमालाप. मी आल्या पावली परत फिरले. दाढीचा उलगडा नंतर झाला. खुंट वाढले की कॅमेरा गालाला घट्ट टेकत नाही म्हणे, हलतो.

त्या बाईंच्या लेन्समधून एकदा बघितलं आणि यांची झोप उडाली. टिबुकलीचा डोळा लाल असतो हे त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मला तीनदा सांगितलं. मग लेन्सचा शोध सुरू झाला. एकाच लांबीची असते ती जास्त स्पष्ट, पण पक्षी जवळ आला की फजिती. झूमची असते तिचं कडं फिरवलं की लांबचं जवळ येतं आणि जवळचं मागे सरतं, पण ती सकाळच्या अंधूक उजेडात कमी पडते. शिवाय वजन. हे साखरेची पिशवी डोळ्यासमोर धरून खिडकीत उभे राहायचे, हात थरथरेपर्यंत. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी मला जिन्यात थांबवून विचारलं, "साहेबांची तब्येत बरी आहे ना?"

दुकानं पालथी घातली, पण लेन्स येईना. हा दुकानदार फार गोड बोलतो, म्हणजे काहीतरी खपवायचंय. तो बोलतच नाही, म्हणजे काहीतरी लपवतोय. इंटरनेटवर लोक चांगलं लिहितात, ते विकत घेतलेले. वाईट लिहितात, ते शेजारच्या दुकानाचे. मी म्हटलं, "अहो, तुमची टिबुकली म्हातारी होईल." हे म्हणाले, "घाई करणाऱ्यांच्याच गाड्या मी तपासत होतो."

जावई हे सगळं बघत होता. एकदा यांच्या मागे त्याने मला हळूच विचारलं, "आई, बाबांचा कुठला खांदा दुखतो?" मी म्हटलं, उजवा. तो व्हॅनवाल्या बाईंना भेटला, दुकानं फिरला, एक लेन्स जड म्हणून सोडली, दुसरीचं कडं फार फिरवावं लागतं म्हणून सोडली. आणि यांच्या वाढदिवसाला खोकं घेऊन आला. लांब पल्ल्याची झूम लेन्स, त्यातल्या त्यात हलकी. बबडीचा चेहरा असा फुलला होता. मला वाटलं, सुटलं आता सगळं.

हे म्हणाले, "कशाला उगाच एवढं?" आणि दोघं गेल्यावर खोकं दिव्याखाली घेतलं. "हे सील दुसऱ्यांदा लावल्यासारखं वाटतंय." चुंबक काढलं. स्क्रूचे माथे भिंगाखाली बघितले. कड्याचा वास घेतला. मी म्हटलं, "चाटूनही बघा." हे म्हणाले, "जुनं धुऊनपुसून नवं म्हणून उभं करणं हा त्याचा रोजचा उद्योग आहे. फुकटात कुणी कुणाला पाणी पाजत नाही."

पण वस्तू घरात आली म्हणजे तिला कव्हर हवं. मी गवसणी शिवली, तळाला जाड फोम घालून. तेवढ्याने भागलं नाही. लेन्सच्या तोंडावरची काच उघडी कशी ठेवायची? कोपऱ्यावर मोबाइलला काच चिकटवून देणारा आहे, त्याने कुठूनशी आट्यांवर फिरवून बसवायची एक साधी गोल काच मागवून दिली. एकावर एक फुकट. एक यांनी लेन्सच्या तोंडावर घट्ट बसवली, दुसरी कपाटाच्या खणात जपून ठेवली. पाणीही फुकट मिळत नाही म्हणणारा हा माणूस त्या दुसऱ्या काचेबद्दल मात्र अवाक्षर बोलला नाही.

पुढच्या खेपेला जावयाने ती काच बघितली. सहज म्हणाला, "बाबा, ती पुढची काच काढून टाका. लांबच्या फोटोला ती नडते." हे ओठातल्या ओठात हसले. तो जिना उतरला न उतरला तोच मला म्हणाले, "बघितलंस? काच काढा म्हणे. म्हणजे उद्या ओरखडा पडला की वॉरंटी गेली आणि हा मोकळा."

"त्यात त्याचा काय फायदा?"

"फायदा दिसला असता तर तो आजवर पकडला नसता गेला?" हे म्हणाले.

फोटो यायला लागले. जवळचे ठीक. पण झूम शेवटपर्यंत ताणला की टिबुकलीच्या कडेने दुसरी पुसट टिबुकली, जणू तिचं भूत. पिसं म्हणजे भिजलेला कापूस. यांनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. ऊन पाठीशी घेतलं. श्वास रोखून बटण दाबलं. मी तांदूळ भरून एक छोटी उशी शिवून दिली, तिच्यावर लेन्स टेकवली. गच्चीच्या भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून लांबून त्याचे फोटो काढले. मोठी अक्षरं वाचता यायची, बारीक अक्षरांचा गिचमिड काला. दिवसेंदिवस हे चाललं. कॅमेरा तपासला, स्टँड तपासला, स्वतःचे डोळे तपासून आले. स्वतःच्या हाताने बसवलेली ती काच तेवढी तपासायची राहिली. ती तर संरक्षणाला होती.

शेवटी निकाल लागला. "लेन्स आपटलेली आहे. आतलं भिंग जागेवरून सरकलंय. जवळ चालतं आणि लांब फाटतं, हेच लक्षण असतं."

मी म्हटलं, "जावयाला विचारा तरी."

"चोराला विचारू, चोरी केलीस का म्हणून?"

घरात बोलले असते तर मी गिळलं असतं. पण हे तळ्याकाठच्या चहाच्या टपरीवर, व्हॅनवाल्या बाईंसमोर बोलले. जावयाने आपटलेली लेन्स पुसून नवी म्हणून दिली, धंदाच तो त्याचा. बाई आमच्या जावयाकडून दोन व्हॅन घेणार होत्या, सौदा ठरल्यातच जमा. चुंबकसाहेबांसारखा माणूस आणि तोही सख्खा सासरा असं सांगतोय म्हटल्यावर त्यांनी सौदा मोडला. गप्प बसल्या असत्या तरी चाललं असतं, पण व्हॅनवाल्यांच्यात शब्द पसरायला किती वेळ लागतो? जावयाच्या आवारात गिऱ्हाईक यायचं, गाडीकडे बघायचं, मग त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि विचार करून सांगतो म्हणून निघून जायचं.

बबडी आली. चपला न काढता दारातच उभी राहिली. मी "ये ना आत" म्हणाले, ती आली नाही. हे सोफ्यावर बसलेले, मांडीवर ती लेन्स.

"बाबा, त्यांनी आयुष्यात एकदाही अपघातातली गाडी लपवून विकलेली नाही. गिऱ्हाईकाला आधी पोचा दाखवतात, मग गाडी. तुम्ही कधी येऊन बघितलंत?"

हे म्हणाले, "माझ्याजवळ पुरावा आहे." आणि त्या अंधूक टिबुकलीचा फोटो तिच्यापुढे धरला.

तिने बघितलाही नाही. "ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर शब्द मागे घ्याल, त्या दिवशी मी येईन. नाहीतर समजा मुलगी नाही." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मी घाबरले. आरडाओरडा करणारी बबडी मला माहीत आहे. ती संध्याकाळपर्यंत शांत होते. ही दुसरीच कुणी होती. गेली. फोन केला तर उचलायची, माझी विचारपूस करायची, बापाचं नाव निघालं की "आई, दूध उतू जातंय" म्हणून ठेवून द्यायची. त्या घरात रोज एवढं दूध कुठून येत होतं देव जाणे.

मला इतका राग आला होता की मी यांच्या चहात साखर घालणंच सोडलं. यांनी न कुरकुरता तसाच प्यायला, आणि मग मला त्याचाही संशय यायला लागला. आतून यांनाही कुरतडत असणार. रात्री ताटावर बसले की बबडीच्या खुर्चीकडे बघायचे आणि मग उगाच मिठाची बरणी उघडून वास घ्यायचे. पण माघार घेतील तर शपथ. पुरावा आहे ना!

मध्येच टिबुकलीची पिल्लं अंड्यातून बाहेर आली. ही पिल्लं पहिले काही दिवसच आईच्या पाठीवर पंखांत शिरून बसतात, डोकी तेवढी बाहेर. मोठी झाली की पाण्यात. हे दिवसच फोटोचे. हे ती आपटलेली म्हणून बदनाम केलेली लेन्स घेऊन रोज जायचे, आणि रोज पिसांचा कापूस घेऊन परत यायचे. चिडचिड वाढत गेली. एका सकाळी ओल्या दगडावरून पाय घसरला आणि हे लेन्ससकट पडले.

घरी आले ते पांढरेफटक. गुडघा फुटलेला, त्याचं भान नाही. लेन्स छातीशी धरलेली. पुढची काच चांदणीसारखी तडकली होती, भोवतीची कडी वाकून बसली होती. हे खुर्चीत बसले आणि म्हणाले, "गेली." त्या आवाजाने माझा राग निम्मा उतरला. माणूस हट्टी असला तरी आपला असतो.

मी शिवणाच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरलं. लेन्स तोंड खाली करून धरली, हलकेच टिचकी मारली, तुकडे फडक्यावर पडले. उरलेले चिमट्याने एकेक काढले, मऊ ब्रशने झाडलं. वाकलेली कडी रिकामीच राहिली. तिच्या आत लेन्सची मूळ काच, एक ओरखडा नाही. "बघा चालते का," मी म्हटलं. समोर लांब पाण्याच्या टाकीवर कावळा बसला होता. यांनी खिडकीच्या चौकटीला हात टेकवून झूम पूर्ण ताणला, बटण दाबलं, कॉम्प्युटरवर लावलं.

कावळ्याच्या चोचीवरचे बारीक केससुद्धा मोजता येत होते.

हे कितीतरी वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून, अगदी गंभीरपणे म्हणाले, "पडल्यामुळे आतलं भिंग जागेवर बसलं."

"म्हणजे आपटलं की सुधारतं?" मी म्हटलं. "माणसांनाही लागू असेल तर सांगा, माझी तयारी आहे."

हे हसले नाहीत. उठले, कपाटाचा खण उघडला आणि ती फुकटातली दुसरी काच काढली. मी काही सुचवलं नव्हतं, बरं का. इतकी वर्षं अपघात बघितलेला माणूस, त्याला आत कुठेतरी कळलं असणारच. ती काच लेन्सपुढे धरून फोटो काढला. कावळ्याला भूत लागलं. काच बाजूला केली. कावळा लख्ख. पुन्हा धरली. पुन्हा भूत. मी स्वयंपाक करून आले तरी यांचं तेच चाललं होतं, कावळा उडून गेला होता आणि हे नुसत्या टाकीचे फोटो काढत होते. जेवायला बोलावलं तर म्हणाले, "त्याने सांगितलं होतं."

"हो."

"पहिल्याच दिवशी."

"हो," मी म्हटलं. तेव्हा दुसरं काही बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि मला भांडायचं नव्हतं. मला माझी लेक हवी होती.

सकाळी यांनी व्हॅनवाल्या बाईंना फोन करून जावयाच्या आवारात यायला सांगितलं. कारण सांगितलं नाही. आम्ही बसनेच गेलो. मांडीवर लेन्स, खिशात ती काच. वाटभर हे खिडकीबाहेर बघत होते आणि मी यांच्याकडे. ऐनवेळी हा माणूस काहीतरी फाटा फोडील अशी मला धास्ती होती.

जावई एका गाडीच्या बॉनेटखाली वाकलेला. आम्हाला बघून हात पुसत पुढे आला, पण नेहमीचं हसू नव्हतं. बाई आधीच आल्या होत्या, हाताची घडी घालून उभ्या. मला बसायला खुर्ची आली. हे उभेच राहिले. घसा खाकरला आणि ऑफिसात बोलायचे त्याच आवाजात बोलायला लागले.

"सर्व्हे झाला. वस्तू नवी होती, निर्दोष होती. बिघाड मालकाने स्वतःच्या हाताने केला. मालकाने सांगितलेली कहाणी खोटी आहे." मग जरा थांबून, खाली बघत, "मालक म्हणजे मी."

मला वाटलं आता बाई म्हणतील, झालं गेलं. त्या कसल्या म्हणतात? "चुंबकसाहेब, तुमच्या शब्दावर मी सौदा मोडला. चारचौघांत बोलले. आता तुमच्याच शब्दावर जोडू? तेव्हाचे तुम्ही खरे का आजचे? लेकीने दम दिला असेल घरी, मला काय माहीत?"

यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न कुणीतरी यांना विचारला होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण चिडले नाहीत. "माझ्या शब्दावर नकोच," म्हणाले. "तुम्ही स्वतः बघा." कॅमेरा त्यांच्या हातात दिला, खिशातली काच दिली. लांब विजेच्या तारेवर एक घार होती. बाईंनी काच धरून एक फोटो काढला, काच काढून एक. दोन्ही बघितले. पुन्हा बघितले.

"हे असलं तोंडाला लावून फिरत होतात तुम्ही?" बाई म्हणाल्या. "आणि मी शेजारी पालथी पडून एवढे दिवस बघितलं नाही?" आणि हसायला लागल्या. चांगल्या खदखदून हसल्या, गाड्या पुसणारा माणूस येऊन बघून गेला. हसू ओसरल्यावर त्या जावयाला म्हणाल्या, "व्हॅन बघते पुन्हा. पण माझा मेकॅनिक आणून तपासणार."

"तपासाच," हे आणि जावई एकाच वेळी म्हणाले.

बाई गेल्या. जावयाने चहा मागवला. मला राहवलं नाही. "काय रे, तुला माहीत होतं काचेचं, तर पुन्हा का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "आई, दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर बाबांनी ती डिंक लावून बसवली असती." वाक्य विनोदाचं होतं, पण तो हसला नाही. मला ते फार लागलं. यांनाही लागलं असावं, कारण यांनी चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"पिल्लांचा फोटो मिळाला का?" जावयाने यांना विचारलं.

"नाही. आता ती पाठीवर बसत नाहीत. मोठी झाली."

कोपऱ्यात कुणीतरी पाइपने गाडी धूत होतं, त्या पाण्याचा तेवढा आवाज. मग हे म्हणाले, "बबडी घरी आहे?"

"आहे. पण ती काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही, बाबा."

"ते मी बघतो," हे म्हणाले. थोड्या वेळाने, दुसरीकडेच बघत, "सोडतोस का रे आम्हाला?"

जावयाने एकदम वर बघितलं आणि चावी आणायला गेला.

गाडी फाटकापाशी आली. मी सवयीने रस्त्याच्या कडेला पिशवी खाली ठेवून उभी राहिले. यांची फेरी म्हणजे पाच-सात मिनिटांची निश्चिंती. तेवढ्यात मी केस नीट करते, पिशवीतला चष्मा शोधते. चष्मा सापडला, आणि दार लागल्याचा आवाज आला. बघते तर हे पुढच्या सीटवर बसलेले, मांडीवर लेन्स, पट्टासुद्धा लावलेला. मला वाटलं आधी दुसरीच कुठली गाडी आहे.

यांनी काच खाली केली. "येतेस ना?" म्हणाले. "का तुला फेरी मारायचीय?"